सत्यभामेची पिल्लं

फसली सन तेराशे वीस. त्या साली मार्गशीर्षात बालाघाटावर असं हिव पडलं की उभ्या तुरी एका रात्रीत काळ्या पडल्या, एरंडाची पानं उकडल्यासारखी लोंबली आणि जनावरांच्या दोणीतल्या पाण्यावर सकाळी काचेसारखा पापुद्रा धरला. पटवाऱ्याच्या दप्तरात आकडा काहीही असो, तांबवाडीच्या बायका पुढं चाळीस वर्षं त्याला ‘हिवाचं साल’ म्हणत राहिल्या. पोराचं वय सांगायचं झालं तर ‘हिवाच्या साली रांगत होतं’ असं सांगत.

तांबवाडी म्हणजे कपिलधारच्या वाटेवर, घाटाच्या अंगाला बसलेलं तीस-चाळीस माळवदांचं गाव. तिथं आसारामच्या घरात सारजा आली ती त्याच साली, कार्तिकात. आली ती मोहतुरानं. पहिला नवरा पटकीत गेला तेव्हा ती सतरा वर्षांची होती. त्यावर दोन वर्षं भावाच्या घरी जात्यावर बसली. विधवेच्या मोहतुराला वाजंत्री नसतात, तोरण नसतं, आणि गावातल्या सवाष्णी त्या दिवशी दाराआड होतात, नव्या जोडप्याचं तोंड दिसू नये म्हणून. त्यामुळं सारजा गावात शिरली ती बंद दारांच्या रांगेतून. आसाराम पुढं, ती मागं. घराच्या उंबऱ्यावर पाय पडला तसं टाचेला काही बोचलं. वाकून बघितलं तर लाकडात घोड्याच्या नालेचे खिळे ठोकलेले होते. डोकी अजून चकचकीत होती.

बाळंतपणात बाई गेली की असे खिळे ठोकतात, तिनं परत घरात येऊ नये म्हणून. मसणवाटेवरून येताना मागं राळे पेरतात; ते बारीक दाणे वेचल्याशिवाय तिला पाऊल टाकता येत नाही, आणि वेचता वेचता उजाडतं. हे सारजाला लहानपणापासून ठाऊक होतं. असल्या खिळ्यांच्या आत आपल्याला नांदावं लागेल हे तेवढं ठाऊक नव्हतं.

थोरलीचं नाव सत्यभामा. श्रावणात ती बाळंत झाली आणि तिसऱ्या दिवशी गेली. पोरगी तिच्या आधी अर्धा दिवस. सासू भिवराबाईनं सारजा आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या गळ्यात चांदीचा टाक बांधला. नखाएवढा पत्रा, त्यावर बाईची आकृती.

“ही थोरली,” भिवराबाई म्हणाली. “आदी तिला कुकू, मग तुला. आदी तिला घास, मग तुला. इसरू नको.”

सारजा विसरली नाही. रोज भाकरीचा पहिला तुकडा ती टाकाला लावी, मग तोंडात घाली. घरात माणसं तीनच, पण जिचा वावर सगळ्यांत जास्त होता ती चौथी. आसाराम शेतातून येऊन गुमान जेवायचा आणि ओसरीवर निजायचा; कधीमधी रात्री आत आला तरी उजाडायच्या आत परत ओसरीवर जायचा. भिवराबाई उंच, वाळकी, मोजकं बोलणारी बाई. सारजा तिला ‘आत्याबाई’ म्हणे, आसाराम ‘माय’. तिची एक खोड सारजाच्या लवकर ध्यानात आली. पाणी पिताना ती माणसांकडं पाठ करी. चोरून खाल्ल्यासारखी ती भिंतीकडं तोंड करून पाणी पिई.

परसात, अंघोळीचं पाणी जिथून वाहून जाई त्या मोरीपाशी, अळूचं बेट होतं. सत्यभामेनं ते माहेराहून आणून लावलं होतं. तिचं माहेर माजलगावाकडं, सिंदफणेच्या काठी. वडीचं साधं अळू नव्हे हे. देठ काळे, एकेक पान सुपाएवढं, खाली झुकलेलं. तिकडं त्याला हत्तीकान म्हणत. श्रावणानंतर त्याचं पान कुणी खुडलं नव्हतं. थोरल्या गड्ड्याभोवती पिल्लं फुटली होती, सात, तळहाताएवढ्या पानांची.

हिव पडलं त्या सकाळी सारजा गोठ्यात शेण काढत होती. परसातून सासूची हाक आली.

“पिल्लं! सारजे, पिल्लं आत घे! गारठून मरत्याल!”

सारजा शेणाचे हात तसेच घेऊन कोंबड्यांकडं धावली. डालगं उचललं तर पिल्लं आईच्या पंखाखाली धडधाकट. मग करडांकडं धावली. तीही गोणपाटात गुरफटून बसलेली. तशीच परसात आली तर भिवराबाई मोरीपाशी गुडघे टेकून बसली होती. थोरल्या अळूची सगळी पानं काळी होऊन चिखलाला चिकटली होती. म्हातारी दोन्ही हातांचा आडोसा करून त्या इवल्या पिल्लांवर फुंकर घालत होती.

“अळूची व्हय,” सारजा म्हणाली.

“मग कुनाची? हितं दुसरी कुनाची पिल्लं ऱ्हायलीत?”

सारजानं हात धुतले आणि खुरपं आणून दिलं.

शेजारची छबुबाई काट्याच्या कुपावरून हे बघत होती. तिच्या नजरेतून सहसा काही सुटत नसे, आणि तोंडातून तर कधीच नाही.

“भिवरावैनी, तिची झाडं घरात घेता? मंग खिळे कावून ठोकले? काढा अन् बैलांच्या पायाला तरी मारा. कामाला येत्याल.”

भिवराबाई पिल्लं उकरता उकरता थांबली. छबुबाईचं बोलणं टोचरं होतं, पण खोटं नव्हतं. ज्या बाईला अडवायला उंबरा खिळवला, तिच्याच हातची रोपं त्या उंबऱ्यावरून आत न्यायची कशी? दुपारी गहिनीनाथ देवऋषीला बोलावणं गेलं.

गहिनीनाथ खोकत आला, ओसरीवर टेकला, चिलीम ओढली. पिल्लं बघितली. मग सारजाकडं बघितलं, बाजारात शेळी बघावी तसं.

“दारातनं न्हाई न्यायची,” तो म्हणाला. “वरनं न्या. बाळंतिणीच्या खोलीला माळवदात उजेडाचं भोक हाय का न्हाई? त्यातनं सोडा. खिळे उंबऱ्याला हायेत, आभाळाला न्हाईत.”

“आन् तीच आली वरनं उतरून, तर?” आसारामनं विचारलं.

“आली तर घर बघाया येईल. बघू द्या. तुमाला बी कळंल ती काय म्हनती ते.” गहिनीनाथनं चिलीम झटकली. “होळीपत्तुर ह्यातल्या एकाला तरी नवं पान आलं, तर थोरलीनं धाकलीला पत्करलं म्हनायचं. समदी जळाली, तर हिला हिच्या भावाकडं पोचवा. न्हाईतर ही बी त्याच खोलीतनं जाईल. मग मला बोल लावू नगा.”

सारजा कुडाआड उभी राहून ऐकत होती. तिला कुणी काही विचारलं नाही. भावाच्या दारातून निघताना भावजय म्हणाली होती, “आता हितं तुजी चूल न्हाई बरं का.” तिकडं चूल नाही, आणि इकडं राहायचं की नाही हे सात पिल्लांवर. तिनं गळ्यातला टाक मुठीत धरला. चांदी गार होती.

आसाराम माळवदावर चढला. फुटक्या माठांच्या बुडांत लावलेली पिल्लं त्यानं दोरीनं एकेक करून खाली सोडली. खोलीत अंधार, वरून उजेडाचा एक चौकोन, आणि त्यातून मातीचे कण सांडत खाली येणारं एकेक मडकं. सारजानं ती खालून झेलली, सुईण झेलते तशी, दोन्ही हातांच्या ओंजळीत. सातव्यानं तिच्या डोळ्यांत माती गेली आणि पाणी आलं. दारातून भिवराबाई बघत होती. ती आत आली नाही.

ती खोली श्रावणापासून बंद होती. कोपऱ्यात बाज भिंतीला उभी केलेली, शेगडीत जुनी राख. पण घरात रोपांना जागा तीच चांगली होती. एका भिंतीपलीकडं चूल, त्यामुळं ती भिंत दिवसभर कोमट. वारा कुठून नाही. आणि वरच्या भोकातून दुपारी दोन घटका ऊन. ऊन जमिनीवर सरके तसतशी सारजा मडकी सरकवायची. संध्याकाळी वर डालगं पालथं घालून त्यावर गोणपाट टाकायची. अळूचं तिला कळत होतं. तिच्या आजीचा ओढ्याकाठी वाफा होता. आजी सांगायची, थंडीत अळू निजतं. त्याला ऊब द्यावी, पाणी नाही. मातीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत घालावं, कोरडं लागलं तरच घोटभर द्यावं. ओल धरली की गड्डा आतून कुजतो. सारजा आठ-आठ दिवस पाणी देत नसे.

आणि तरी सकाळी डालगं उचललं की पानांच्या टोकांना पाणी लोंबलेलं असे.

पहिल्या दिवशी तिला वाटलं दव आहे. पण बंद खोलीत, डालग्याखाली दव कुठून येणार? थेंब पानाच्या टोकाशी मोठा होई, पान किंचित थरथरे आणि थेंब जमिनीवर पडे. मग पान वर उचललं जाई, मान हलवल्यासारखं. सारवलेल्या भुईवर ओल्या ठिपक्यांची रांग. आजीच्या वाफ्यात तिनं पहाटे असे थेंब बघितले होते, पण तिथं आभाळ होतं, ओढा होता. इथं उभी बाज होती आणि तिच्या सुंभावर एका जागी वाळलेला डाग होता.

“रडती गं ती,” छबुबाई म्हणाली. सारजानं आपण होऊन सांगितलं नव्हतं. छबुबाईनंच कुपावरून वाकून तिच्याकडून काढून घेतलं होतं. “सवत बघून रडती. मी असते तर चार शिव्या दिल्या असत्या. ती बिचारी गरीब व्हती.”

“मावशी, तुमाला भ्या न्हाई वाटत असं बोलायला?”

“मला कावून? मी काय तिचा नवरा घेतलाय?”

पौष लागला तसं पहिलं पिल्लू पिवळं पडलं. देठ बुडाशी मऊ झाला आणि एका दुपारी आडवा झाला. मग दुसरं. सारजानं मातीत बोट घातलं आणि ती दचकली. माती लिबलिबीत ओली होती. तिनं आठ दिवसांत थेंब घातला नव्हता. तिसऱ्या मडक्यातही तेच. बोट नाकाशी नेलं तर कुजका, आंबूस वास आला.

आता मात्र सारजा भ्याली. पानांतून पाणी पडतं ते पडतं, पण मुळाशी पाणी कोण घालतं? ती खोलीला बाहेरून कडी लावे. परत आली की कडी तशीच असे आणि माती ओली असे. चौथं गेलं. टाकाला घास लावताना ती मनातल्या मनात म्हणे, बाई, तुझा नवरा ओसरीवर निजतोय, माझ्याशी चार शब्द बोलत नाही. तुझ्या घरातलं मी काय घेतलं? चुलीपुढची हातभर जागा. तेवढी असू दे.

पण आसाराम एक दिवस बोलला. हरभऱ्याच्या शेतात, बांधावर बसून, तिच्याकडं न बघता.

“सारजे, मी काय वंगाळ माणूस न्हाई.”

“मी कुटं म्हनले?”

“एक बाई मी त्या खोलीतनं उचलून न्हेली. हलकी झालती, वाळल्या काडीवानी. दुसरी मला न्हेता यायची न्हाई.” त्यानं ढेकूळ फोडून भुगा केला. “तवा गहिनीनाथ म्हनतो तसं झालं, तर तू रागाला येऊ नको. होळीला मी स्वता गाडी जुपून पोचवीन.”

सारजाला राग आला असता तर बरं झालं असतं. त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. त्या वेळी तिला दिवस राहिले होते. जेमतेम महिना, सव्वा महिना. तिनं अजून कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यानं त्याच दिवशी गाडी जुंपली असती.

माघात एका दुपारी ती शेतावरून घरी आली ती पाण्याची घागर विसरली म्हणून. दार लोटलेलं होतं. घरात कुणी दिसेना. चुलीशी गेली आणि थबकली. भिंतीपलीकडून, त्या खोलीतून, कुणी बाई कुजबुजत होती.

“पी माय. पी. कुनी बगत न्हाई.”

सारजाला पळावं असं वाटलं. पाय मात्र खोलीकडं गेले. कडी काढलेली होती. दार बोटभर उघडं होतं. वरून उन्हाचा चौकोन पडला होता आणि त्यात दाराकडं पाठ करून भिवराबाई बसली होती. मांडीशी तांब्या. ओंजळीत पाणी घेऊन ती उरलेल्या तीन पिल्लांच्या मुळाशी थेंब थेंब सोडत होती, आजारी माणसाच्या ओठांवर सोडावं तसं.

“तीन दिस मागत व्हतीस,” भिवराबाई पिल्लांशी बोलत होती. “बाळंतिणीला पाच दिस पानी न्हाई, ह्यो आमचा रिवाज. मला माज्या सासूनं दिलं न्हवतं. मी जगले. म्हनलं ही बी जगंल. दाराला पाठ लावून बसले मी, आसारामानं बी देऊ नये म्हनून. तू आतनं हाका मारत व्हतीस. मग हाका बंद झाल्या. दार उगडलं तर तू भित चाटत व्हतीस. श्रावनाची ओल आलेली भित.” तिनं परत ओंजळ भरली. “मेल्यावर तोंडात पानी घातलं गं. ते गालावरनं वघळून गेलं. आता पी. पोटभर पी.”

दाराआड सारजाला सगळं एकदम कळलं. पाणी कोण घालतं ते कळलं, थोरली कशानं गेली ते कळलं, आणि म्हातारी भिंतीकडं तोंड करून पाणी का पिते तेही कळलं. तिला म्हणायचं होतं, ‘आत्याबाई, पानी नका घालू, गड्डे कुजत्यात.’ तिनं तोंड उघडलं. बाहेर पडलं ते वेगळंच.

“जिजी, बास. तहान भागली.”

आवाज तिचाच होता. भिवराबाईच्या हातातून तांब्या निसटला आणि पाणी भुईवर पसरलं. ती वळली.

“काय म्हनलीस?”

“पानी बास, म्हनलं.”

“त्याच्या आदी.”

‘जिजी’ हा शब्द सारजानं कुणाला कधी हाक म्हणून वापरला नव्हता. तिच्या माहेरी तो कुणी बोलत नसे.

“जिजी मला तीच म्हनायची,” भिवराबाई म्हणाली. “नऊ वर्साची आलती ती ह्या घरात. माय म्हन म्हनलं तर म्हनायची, माय तिकडं हाय, तू जिजी. ती गेल्यावर मी आसारामाला आन घातली, त्यो शबुद ह्या घरात काडायचा न्हाई. तुला कुनी सांगितला?”

“कुनी न्हाई, आत्याबाई.”

सारजा ओल्या भुईवर तिच्याशेजारी बसली. तिनं एक मडकं पुढं ओढलं, पिल्लू हळूच उपटलं आणि म्हातारीच्या हातात दिलं. गड्डा लगद्यासारखा चेपला. भिवराबाईनं वास घेतला आणि मान फिरवली.

“म्हंजे तवा न देऊन मारलं,” ती म्हणाली, “आन् आता देऊन.”

सारजानं विळी आणली. दुसऱ्याचाही गड्डा पार गेला होता. तिसऱ्याचा वरचा भाग कापत कापत आत गेली तेव्हा सुपारीएवढा तुकडा पांढरा, टणक निघाला. तो तिनं राखेत घोळवला, चुलीशेजारच्या कोनाड्यात तीन दिवस सुकवला. मग कोरड्या पालापाचोळ्याच्या मातीत आणि वाळूत लावला आणि ते मडकं शिंक्यात घालून चुलीच्या वर, धुराच्या उबेला टांगलं.

त्या दिवसापासून भिवराबाई रोज सकाळी तांब्या घेऊन चुलीपाशी येई.

“आज देऊ?”

“नका, आत्याबाई.”

“थेंबभर?”

“थेंब बी नको.”

म्हातारी तांब्या तसाच घेऊन परत जाई. हात आवरणं तिला किती जड जात होतं ते सारजा बघत होती. वीस-बाविसाव्या दिवशी तिनं मातीत बोट घातलं. दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं होतं.

“आज द्या. घोटभर.”

भिवराबाईनं इतकं हळू पाणी घातलं की अर्धं तिच्या बोटांवरच राहिलं.

होळीचा दिवस उजाडला. पुरण शिजत होतं. आसारामनं बोलल्याप्रमाणं बैल गाडीपाशी आणून बांधले होते. जुंपले नव्हते, पण आणले होते. दाराशी सारजाचं गाठोडं होतं, तिनंच बांधलेलं. छबुबाई आज कुपावरून नव्हे, सरळ अंगणात येऊन बसली होती. गहिनीनाथ पोळीच्या वेळेला बरोबर आला.

शिंकं खाली उतरवलं. सगळ्यांची डोकी मडक्यावर वाकली. मातीतून बोटाच्या नखाएवढं टोक वर आलं होतं, हिरवं, गुंडाळलेलं, सुईसारखं.

“आलं की!” छबुबाई ओरडली.

“हे पान न्हाई,” गहिनीनाथ म्हणाला. “कोंब हाय. पान म्हंजे उलगडलेलं पाहिजे. मी पान म्हनलो व्हतो.”

“अरं बाबा, कोंबातनं काय शिंग निगतंय?”

“बाई, बोलाचं बोल असतंय. आज होळी हाय. पान न्हाई.”

आसारामनं बैलांकडं बघितलं. सारजानं गाठोडं उचललं. उंबऱ्याशी आली तर उंबऱ्यात भिवराबाई बसली होती, हातात लोखंडी पकड घेऊन. ती केव्हा उठून गेली कुणाला कळलं नव्हतं. तिनं पहिल्या खिळ्याचं डोकं धरलं, दोन्ही पाय चौकटीला लावले आणि ओढलं. खिळा किंचाळल्यासारखा आवाज करत निघाला.

“माय, काय करतीस?” आसाराम घाबरून धावला.

“हात लावू नको.” दुसरा खिळा निघाला. “गहिनीनाथा, थोरली कशानं गेली ते मला ठावं हाय. तुला ठावं न्हाई. पोळी खा अन् घरला जा.”

“ती आत यील, भिवराबाई!”

“येऊ दे. पानी भरून ठिवलंय.” तिनं मान वर करून लेकाकडं बघितलं. “बैल सोड. ही कुटं जात न्हाई. कुनाला जायाचंच असंल तर मी जाते.”

सातही खिळे निघाले. मग तिनं सारजाच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि आत नेऊन ठेवलं. पान उलगडलं ते रंगपंचमीला. तळहाताएवढं, कोवळं, आणि पहाटे त्याच्या टोकाला थेंब.

त्याच साली पावसाळ्यात हैदराबादेत नवे हुजूर गादीवर आले. तांबवाडीला ते महिन्याभरानं कळलं. आश्विनात सारजा बाळंत झाली, त्याच खोलीत. दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला आणि जीभ टाळूला चिकटली. सुईण म्हणाली, पाणी नाही. छबुबाईही म्हणाली, पाणी नाही. भिवराबाई आत आली, दार लोटून त्याला पाठ लावून बसली, आणि तांब्या पुढं केला.

“पी,” ती म्हणाली. “ह्या दारातनं आज कुनी आत यीत न्हाई.”

सारजा तांब्याभर पाणी पिऊन झोपली. ताप तिसऱ्या दिवशी उतरला.

भिवराबाई त्यानंतर सात वर्षं जगली. मानमोडीच्या साथीत गेली. शेवटी तिला गिळता येत नव्हतं. सारजानं कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब दिला, आणि शेवटचा थेंब वघळला नाही. गहिनीनाथचा खोकला वाढत गेला. तो पुढं अंबाजोगाईला देवीच्या पायऱ्यांशी जाऊन राहिला, तिकडंच मेला. छबुबाईनं एक पिल्लू मागून नेलं, आपल्या सुनांच्या बाळंतपणात पाणी दिलं, आणि म्हातारपणी ही गोष्ट सांगताना खिळे तिनं स्वतःच उपटल्याचं सांगू लागली. आसाराम ओसरीवरून आत निजायला आला तो खिळे निघाले त्याच वर्षी. तो खूप जगला, आणि ‘जिजी’ हा शब्द त्यानं मरेपर्यंत उच्चारला नाही. सारजानं त्याला एकदा विचारलं होतं, “झोपेत तरी कदी बोललाव का हो, मला ऐकू यील असं?” तो नाही म्हणाला.

सारजाला चार लेकरं झाली, चारही जगली. गळ्यातला टाक तिनं काढला नाही. दर मार्गशीर्षात ती हत्तीकानाची पिल्लं दारातून आत घेई, त्याच खोलीत कोमट भिंतीशी मांडी, वर डालगं घाली. पाणी घालत नसे. भरलेला तांब्या मात्र शेजारी ठेवी. सकाळी तो उचलून मोरीत रिकामा करी. रात्रीतून त्यातलं पाणी कमी झालं की नाही, हे तिनं कधी बघितलं नाही.